गोठवलेला माणूस आणि मय्यतीचे खांदेकरी

खडवलीला भातसा नदीच्या काठी आम्ही चार-पाच वाचक महिन्यातून एका रविवारी जमतो. दोघे शिक्षक, एकाचे औषधांचे दुकान, एक रेल्वेतून निवृत्त झालेले चाचा आणि जमेल तेव्हा भिवंडीहून येणारी एक भगिनी. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळ्यानंतरचे हे स्टेशन. मुंबई-ठाण्याच्या लोकांना ते सहलीसाठी माहीत आहे, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना बुडालेल्यांच्या बातम्यांसाठी. पावसाळ्यात नदीवर जायला बंदी घातली जाते, फलक लागतात, तरी पोरे उतरतातच.

त्या पावसाळ्यात आम्ही विज्ञानकथा वाचायला घेतल्या होत्या. विषय ठरवला होता, मृत्यूला चकवणारे यंत्र. वाचन चालू असताना खाली आरडाओरड झाली. एका मुलाला वर काढले होते. सोळा-सतराचा असेल. कोणीतरी पळत जाऊन मडके आणले आणि पोटातले पाणी निघावे म्हणून त्याला पालथे त्यावर निजवले. ही जुनी रीत आहे, डॉक्टर आता ती करू नका म्हणतात. मग प्रथमोपचार शिकलेल्या एका तरुणाने त्याला उताणे केले आणि छाती दाबायला सुरुवात केली. खूप वेळ तो दाबत राहिला. सगळ्यांना कळून चुकले होते, तरी त्याला थांब म्हणायला कोणी तयार नव्हते. शेवटी एका वयस्कर बाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही वर परतलो तेव्हा पुस्तक उघडेच होते. पुढे वाचवेना. सगळा मजकूर एकाएकी पोकळ वाटू लागला होता. विज्ञानकथा काल्पनिकच असते, असे म्हणून यातून सुटता येत नाही. लहानपणी आजीने सांगितलेली आबे हयातची गोष्टही काल्पनिकच होती, पण ती त्या दिवशीही आठवली आणि पोकळ वाटली नाही. मग या कथांत कमी काय आहे? त्यावर पुढचे काही महिने आमच्यात जी वादावादी झाली, तिच्यातून हा लेख तयार झाला आहे.

मृत्यूवर मात करण्याच्या आधुनिक कथांचा इतिहास मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून (१८१८) सांगण्याची प्रथा आहे. आमच्या दृष्टीने एक त्याहून कितीतरी सुमार कथा अधिक महत्त्वाची आहे. १९३१ साली 'अमेझिंग स्टोरीज' या अमेरिकन मासिकात नील आर. जोन्स यांची 'द जेमसन सॅटेलाइट' ही कथा आली. प्रोफेसर जेमसन आपले प्रेत अग्निबाणात घालून अंतराळात पाठवण्याची व्यवस्था करतो. ते तेथे न कुजता पृथ्वीभोवती फिरत राहते. चार कोटी वर्षांनी यंत्राचे देह असलेले परग्रहवासी येतात, त्याचा मेंदू काढून यंत्रात बसवतात, आणि प्रोफेसरसाहेब पुन्हा विचार करू लागतात. ही कथा रॉबर्ट एटिंजर नावाच्या एका मुलाने वाचली आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. मोठेपणी त्याने 'द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी' हे पुस्तक लिहिले, ते १९६४ साली सर्वत्र पोचले. आज प्रेत गोठवून ठेवा, उद्याचे डॉक्टर ते उठवतील, असा त्याचा दावा. १९६७ च्या जानेवारीत जेम्स बेडफर्ड या अमेरिकन प्राध्यापकाचे प्रेत अशा रीतीने गोठवले गेले. शून्याखाली १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते अजून आहे. त्यानंतर शेकडो माणसे गोठली. उठलेले एकही नाही.

साहित्यामुळे समाज बदलतो काय, यावर आपल्या संमेलनांत परिसंवाद होतात आणि वक्ते उदाहरणांसाठी चाचपडतात. हे एक घ्यावे. एका सुमार कथेने माणसांना बर्फात ठेवले.

या कथेचे सारे लक्ष चार कोटी वर्षांवर आहे. पेटीशी बसलेल्या माणसाकडे तिचे लक्ष नाही. आणि प्रत्यक्षात पेटीशी कोण बसणार, हाच प्रश्न निर्णायक ठरला. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथील एका दफनभूमीच्या तळघरात काही गोठवलेली प्रेते ठेवली होती. त्यांना सतत द्रव नायट्रोजन लागतो आणि त्याला पैसे लागतात. काही नातेवाइकांचे पैसे येणे बंद झाले, चालकाचेही हात टेकले, आणि १९७९ साली उघडकीस आले की आतली प्रेते केव्हाच वितळून कुजली होती. चार कोटी वर्षांची गोष्ट दहा-बारा वर्षांत संपली, तीही हप्ता थकल्यामुळे. हप्ता थकणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आमच्या वाचनात आलेल्या एकाही विज्ञानकथेत गोठवलेल्या माणसाची बायको महिन्याचा हिशेब मांडताना दिसली नाही.

गोठवलेला माणूस आपल्याला परका आहे, असेही नाही. कोकणातल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या कित्येक घरांनी तो पाहिला आहे. आखातात कामाला गेलेला माणूस तिकडे वारला की त्याची मय्यत शवागारात राहते. मालकाचा कागद, पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद, विमानाची जागा. कधी आठवडा, कधी महिने. घरी जिवंत माणसाचा असतो तसाच त्याचा विषय चालू असतो, आज काय झाले, उद्या निघेल का. मग विमानतळाच्या मालधक्क्यावर पेटी येते. आमच्या चाचांचा धाकटा भाऊ असाच आला. तो गेल्याची खबर आणि त्याची माती यांत एकोणतीस दिवसांचे अंतर होते. त्या एकोणतीस दिवसांत तो कोण होता, हयात की मरहूम, हे आम्हाला बोलताना कळत नव्हते, असे चाचा सांगतात. 'होता' म्हणायचे की 'आहे', यावर जीभ अडखळायची. जेमसनच्या चार कोटी वर्षांत जे नाही ते या एकोणतीस दिवसांत आहे.

आता मराठीकडे वळू. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली, 'कृष्णविवर'. तिला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले की लेखक जयंत नारळीकर आहेत. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते टोपणनाव होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंनी उतरवून दिली होती. अशा लेखकाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. आपण कोण हे सांगून बक्षीस घेणे त्यांना किती सोपे होते! २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा विज्ञानकथेला मराठीत मानाचे पान मिळून बराच काळ झाला होता.

'कृष्णविवर'चा पाया आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत आहे. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंद चालते. कृष्णविवराजवळ फिरून आलेल्या माणसाचा थोडा काळ जातो आणि पृथ्वीवरच्यांचा फार. मृत्यूला चकवण्याची याहून प्रामाणिक युक्ती विज्ञानकथेला सापडलेली नाही, कारण येथे औषध नाही, बर्फ नाही, खोटे शास्त्र नाही. माणूस वाचत नाही, त्याच्या भोवतालचे मात्र आधी म्हातारे होतात.

अशी कथा पहिल्यांदा वाचताना मराठी वाचकाला नवल वाटले असेल. मुसलमान वाचकाला ती ओळखीची वाटायला हवी होती. कुरआन शरीफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांचा, अस्हाबे कहफचा किस्सा आहे. ते उठतात, आपण एक दिवस किंवा दिवसाचा काही भाग झोपलो असे त्यांना वाटते, आणि त्यांच्यातला एक चांदीचे नाणे घेऊन गावात खाणे आणायला जातो. तीनशे नऊ वर्षे गेलेली असतात. लहानपणी मदरशात ऐकताना आमचे लक्ष गुहेपेक्षा त्या नाण्यावर असे. दुकानदार ते हातात घेऊन उलटसुलट करून बघतो, हे चित्र ऐकवणाऱ्या उस्तादांनी इतके रंगवले होते की ते अजून डोळ्यांसमोर आहे. दुसरा किस्सा उजाड वस्तीजवळून जाणाऱ्या आणि शंभर वर्षे मृत राहून उठलेल्या माणसाचा. बरेच तफसीरकार त्याचे नाव हजरत उझैर (अ.) सांगतात, आणि ते पुढे जे सांगतात ते कथाकारांनी मुद्दाम वाचावे. ते घरी परततात तर दारात एक आंधळी म्हातारी. ते गेले तेव्हा ती घरातली वीस वर्षांची दासी होती. मुलगा आता बापापेक्षा म्हातारा झालेला. बाप ओळखायचा कसा? खांद्यांमधल्या तिळावरून.

काळाचे गणित नारळीकरांकडे अचूक आहे यात वाद नाही, आणि श्रद्धेची कथा व सापेक्षतेची कथा यांची बरोबरीही आम्ही करत नाही. कुरआनात विज्ञान शोधून काढण्याचा जो छंद आपल्यात वाढला आहे, त्याचा आम्हाला मनापासून कंटाळा आहे. आमचा मुद्दा कथनाचा आहे. नाणे, तीळ, आंधळी दासी. चकवलेला मृत्यू या तीन गोष्टींमुळे घरात येतो. आपल्या विज्ञानकथेत प्रयोगशाळा, यान, सूत्र, सल्लामसलत हे सारे येते आणि उंबरठा राहून जातो.

लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही मराठीतली गाजलेली विज्ञानकथा. तिच्यात शरीर हरल्यावरही एका थोर शास्त्रज्ञाचा मेंदू चालू ठेवण्याचा खटाटोप आहे. इंग्रजीतही ती गेली. लोंढे हे माणसांत रमणारे लेखक होते, त्यामुळे ही कथा कोरडी नाही. तरी आमच्या बैठकीत भिवंडीच्या भगिनीने विचारले, वाचवायचा माणूस नेहमी शास्त्रज्ञच का? जेमसन प्रोफेसर, बेडफर्डही प्राध्यापक, आबे हयातच्या गोष्टीत सिकंदर बादशहा. लूमवर काम करणाऱ्याचा मेंदू कोणी बरणीत ठेवल्याची कथा लिहा ना! आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कोणाचे मरण टाळण्याजोगे आहे हे कथा सुरू होण्याआधीच ठरून गेलेले असते. नदीकाठी छाती दाबणाऱ्या त्या पोराने समोरचा कोण, कोणत्या जातीचा, किती शिकलेला, हे विचारले नव्हते.

या बाबतीत सगळ्यात जुने आणि सगळ्यात धीट पान आम्हाला इब्न तुफैलच्या 'हय्य इब्न यकझान' या अरबी ग्रंथात सापडले. बाराव्या शतकातला हा अंदलूसी हकीम ११८५ साली मराकेशमध्ये वारला. त्याचा नायक हय्य निर्जन बेटावर एका हरिणीच्या दुधावर वाढतो. तो सात वर्षांचा होतो आणि हरिणी मरते. मरण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. तो हाका मारतो. डोळे तपासतो, कान तपासतो, कुठे इजा दिसत नाही. मग त्याच्या मनात येते की आपण डोळ्यांवर हात ठेवला की दिसत नाही, कानांत बोटे घातली की ऐकू येत नाही, अडथळा काढला की सगळे पूर्ववत. म्हणजे हिच्याही आत कुठेतरी अडथळा असणार, तो काढला की ही उठेल. तो धारदार दगडाने आणि बोरूच्या काडीने तिची छाती उघडतो. काळीज सापडते. त्याच्या उजव्या कप्प्यात गोठलेले रक्त, डावा रिकामा. तो समजतो की येथे राहणारा निघून गेला.

मृत्यू दुरुस्त करण्याचा हा पहिला प्रयोग म्हणायला हरकत नाही. फ्रँकेन्स्टाइनच्या सहाशे वर्षांहून अधिक आधीचा. त्यात जिज्ञासा आहे, निरीक्षण आहे, तर्क आहे, आणि तो तर्क आईला परत आणण्यासाठी चालला आहे. आमच्या हाती लागलेल्या बहुतेक आधुनिक कथांत चाकू धरणाऱ्याचे प्रेताशी नातेच नसते. पुढे इब्न तुफैल अजून एक गोष्ट करतो. प्रेताला वास सुटतो. हय्यला त्याकडे बघवत नाही. तेवढ्यात दोन कावळे भांडतात, एक दुसऱ्याला मारतो आणि जमीन उकरून पुरतो. ते पाहून हय्य हरिणीला पुरतो. हाबीलला मारल्यावर काबीलला दफन शिकवणारा कावळा आपल्याला माहीतच आहे. म्हणजे प्रयोग फसला, पण कथा प्रयोगशाळेत संपली नाही, मातीपर्यंत गेली. आणि तिथून हय्यच्या पुढच्या साऱ्या विचाराची सुरुवात झाली. हा ग्रंथ १६७१ साली लॅटिनमध्ये आणि पुढे इंग्रजीत गेला, तोही 'रॉबिन्सन क्रूसो'च्या आधी.

पुढच्या शतकात इब्न अल-नफीस याने त्याला जोडीची कथा लिहिली. तिचा नायक कामिल, तोही बेटावरचा एकटा. लेखक स्वतः नामांकित हकीम, १२८८ साली कैरोत वारला. उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्यात येते, हे युरोपच्या कितीतरी आधी त्याने लिहून ठेवले होते. त्याच्या कथेत कयामत आहे आणि मेलेल्यांचे शरीर पुन्हा कसे घडेल याची हकिमाला शोभेशी चर्चा आहे. कण्याच्या टोकाचे एक छोटे हाड, ज्याला हदीसमध्ये अज्बुज्जनब म्हटले आहे, तेवढे शिल्लक राहते आणि त्याच्यावरून देह पुन्हा उभा राहतो. पटो न पटो, पण किती काटकसरी कल्पना! एटिंजरला सबंध देह, स्टीलचे पिंप आणि न थकणारा हप्ता लागतो.

येथपर्यंत आल्यावर एक कबुली द्यायला हवी. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन झाले. त्यानंतर आपण आत्मकथने लिहिली, तलाकवर, दंगलींवर, मोहल्ल्यांवर लिहिले, आणि ते लिहिणे भागच होते. पण विज्ञानकथा आपण जवळजवळ लिहिलीच नाही. विज्ञानकथा हा सुखवस्तूंचा प्रकार, असे आपल्यातल्या काहींना वाटते. आम्हाला उलट वाटते. मृत्यूला चकवले तर पुढे काय, याचा कच्चा माल आपल्या फिकहच्या किताबांत जितका पडून आहे तितका अमेरिकन मासिकांतही नसेल.

'मफकूद'चा मसला घ्या. मफकूद म्हणजे बेपत्ता, जो जिवंत की मृत हे कळत नाही असा माणूस. जुन्या हनफी मतानुसार त्याच्या वयाचे सगळे मरेपर्यंत त्याला हयात धरायचे, अनेकांनी ही मर्यादा त्याच्या वयाची नव्वद वर्षे पुरी होईपर्यंत सांगितली. तोवर बायको निकाहात. पुढे मालिकी मताचा आधार घेऊन चार वर्षांचा मार्ग काढला गेला, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तो आला. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बाई न्यायालयात जाऊन सुटका मागू शकते. आता या मसल्यात गोठवलेला माणूस आणून बसवा. त्याचा ठावठिकाणा माहीत आहे, पिंपाचा नंबरसुद्धा. डॉक्टर म्हणतात मेला, कंपनी म्हणते थांबला आहे. बायकोची चार महिने दहा दिवसांची इद्दत सुरू झाली की नाही? मुलांनी वारसा वाटून घ्यायचा की नाही? जनाजाची नमाज पढायची तर कशावर? आणि तीस वर्षांनी तो उठला आणि दाराशी आला, तर दार उघडणाऱ्या बाईचा तो कोण? ही गंमत वाटत असेल तर आखातातून खबर न आलेल्या नवऱ्यांच्या बायकांना विचारावे. त्यांच्यासाठी ही कथा अर्धी घडून गेली आहे.

आणखी एक उदाहरण, कथेबाहेरचे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या तेथेच पडून होत्या. जगणे आणि मरणे यांच्या मधल्या त्या एकेचाळीस वर्षांत त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली ती एकामागून एक आलेल्या परिचारिकांनी. २०११ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या विनंतीवर निकाल देताना त्यांची जवळची माणसे म्हणून रुग्णालयाच्या याच कर्मचाऱ्यांना मानले आणि ती विनंती नाकारली. तो निकाल बरोबर की चूक, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण न्यायालयाने विचारलेला प्रश्न, या देहाचे जवळचे कोण, तो मराठी विज्ञानकथेने अजून पुरेसा विचारलेला नाही.

आमचा हा सारा युक्तिवाद चाचांना मान्य नाही, हे लिहिले नाही तर लेख खोटा होईल. ते म्हणाले, "तुम्ही लोक यंत्राला हसता. त्या दिवशी खाली नदीवर यंत्र असते तर मी पेन्शन गहाण टाकली असती. भाऊ गेला तेव्हाही." भगिनी म्हणाली, "चाचा, यंत्राला कोण हसतंय? यंत्र आणा. पण ते आणल्यावर त्या पोराच्या आईचं काय झालं, हे कथेत लिहा एवढंच मागतेय." चाचा म्हणाले, "आईचं काय व्हायचंय, पोरगा उठून बसला की ती आधी त्याच्या थोबाडीत देईल."

आम्ही वाचलेल्या सगळ्या कथांत मेलेला माणूस उठल्यावर सूत्रे बोलतो, आकाशाकडे बघतो, भविष्याबद्दल विचारतो. थोबाडीत कोणी खाल्लेली नाही. पुढच्या बैठकीसाठी आम्ही कथा निवडलेली नाही. चाचांना सांगितले आहे, ती तुम्हीच लिहून आणा. ते म्हणतात, मला कृष्णविवर समजत नाही. एकोणतीस दिवस समजतात ना, असे आम्ही म्हणालो. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.